सासूबाईंच्या समोरची खोली

मी टॉवेल विकतो. सोलापुरात हे सांगण्यात विशेष काही नाही. इथं दगड भिरकावला तर तो टॉवेलवाल्याला लागतो, आणि नाही लागला तर चादरवाल्याला. पण माझे टॉवेल जरा वेगळे. राजस्थानात एका जुन्या राजवाड्याचं हॉटेल झालं, तिथं माझा माल गेला. त्यातला एक टॉवेल चुकून पोहायच्या तलावात पडला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तलावात गुडघाभर पाणी उरलं होतं. मॅनेजरचा फोन आला, ‘‘शेठ, तुमचा टॉवेल पिळायला क्रेन बोलवावी लागली.’’ यातली क्रेन मी घातलीय. बाकीचं खरं आहे, निदान बरंचसं.

आणि आमचं ऊन. मे महिन्यात सोलापुरात टॉवेल वाळत घालावा लागत नाही. न्हाणीघरातून दोरीपर्यंत नेईस्तोवर तो वाळतो. दोरीवर टाकलाच तर संध्याकाळी त्याचा पापड झालेला असतो, घडी घालायला गेलं की मोडतो. एवढं ध्यानात असू द्या, म्हणजे पुढचं मी का सांगतोय ते कळेल.

गेल्या वर्षी मुलाच्या डोक्यात आलं की आईबापांनी एकदा तरी सुट्टीवर जावं. तो पुण्यात कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. काय करतो ते त्यानं मला बऱ्याचदा समजावून सांगितलंय, आणि दर वेळी मी समजल्यासारखी मान हलवलीय. त्याचा फोन आला, ‘‘पप्पा, तुम्ही आयुष्यभर हॉटेलांना टॉवेल घातलेत, हॉटेलात कधी राहिला नाहीत. या वेळी एकदम लक्झरी. तळ्याकाठी. तुम्ही आणि मम्मीनं फक्त निवडायचं.’’

झालं. आमच्या घरात आठवडाभर तळी वाहू लागली. उदयपूर, नैनिताल, केरळ, कुठली कुठली. मुलगा फोटो पाठवायचा आणि मी बोटांनी फोटो मोठा करून आधी न्हाणीघर बघायचो. पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवलेला दिसला की ते हॉटेल बाद. हंसाची मान ताठ उभी राहते म्हणजे टॉवेलात खळ भरपूर. तसल्या टॉवेलनं अंग पुसलं तर कातडी सोलून निघते, मग तळं कितीही निळं असो. अशी मी निम्म्या हिंदुस्थानातली हॉटेलं घरबसल्या नापास केली.

बायको भाकरी थापत ऐकत होती. मी म्हणालो, ‘‘अगं, तू पण बोल की काहीतरी. तुला कुठलं तळं आवडलं?’’

ती म्हणाली, ‘‘उजनी.’’

मी मोठ्यानं हसलो. मग माझ्या ध्यानात आलं. लग्न झाल्यापासून तिनं हे नाव आमच्या घरात कधी घेतलं नव्हतं. घ्यायची वेळ आलीच तर ‘तिकडचं पाणी’ म्हणायची.

उजनी म्हणजे भीमेवरचं धरण, आणि त्याच्यामागं पसरलेलं एवढं मोठं पाणी की समोरचा काठ उन्हात विरघळून जातो. आता तिथं परदेशी पक्षी येतात, पक्ष्यांमागं पुण्यामुंबईची माणसं येतात, आणि माणसांमागं हॉटेलं आली. पण त्या पाण्याखाली गावं आहेत. त्यातलं एक बायकोचं.

गाव उठलं तेव्हा लोकांनी चौकटी काढून नेल्या, पत्रे नेले, जनावरं नेली. देव हलवले. पण माझ्या सासूबाई राहिल्या. त्या पाणी यायच्या आदल्या वर्षी वारल्या होत्या. आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि तेही निजवून नाही. मांडी घालून बसवतात, कपाळाला भस्म लावून, हातात लिंग देऊन. गाव हलवणाऱ्यांनी दगडाचा नंदीसुद्धा गाडीवर चढवला, पण बसलेल्या माणसाला कोण उठवणार?

बायको तेव्हा लहान, नुकती शाळेत जाऊ लागलेली. आईचा चेहरा म्हणून तिला एवढंच आठवतं. ती कुणा काकाच्या खांद्यावर आहे, समोर खड्ड्याच्या काठाशी आईला बसवलंय, कपाळावर भस्माचे पांढरे पट्टे आहेत, आणि आईच्या बरोबर डोक्यावर देवळाचा कळस दिसतोय, मुगुट घातल्यासारखा. बस. पुढं माणसं आडवी आली.

हे तिनं मला लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात सांगितलं होतं. पाऊस लागला की ही अंथरुणावर उठून बसायची. मी विचारलं, काय होतंय? ती म्हणाली, ‘‘निजलेल्या माणसाच्या अंगावर पाणी एकदम येतं. बसलेल्याला ते चढताना कळतं. आधी मांडीला, मग पोटाला.’’ लहानपणी नव्या गावात, पाणी वाढतंय असं मोठी माणसं बोलायला लागली की ती मनात मोजायची, आता आईच्या कमरेपर्यंत आलं असेल, आता खांद्यापर्यंत. मी उठून खिडकी लावून घेतली.

यावर कडी अशी, की सोलापूरला प्यायला पाणी येतं ते उजनीतून. रोज येत नाही. चार दिवसांनी, पाच दिवसांनी, महापालिकेच्या मर्जीनं. यायच्या आधी नळ खोकतो. आत कुणीतरी झोपेतून उठून घसा साफ करावा तसा. बाकीच्या बायका तो खोकला ऐकला की हंडे घेऊन धावतात. माझी बायको आधी पदर डोक्यावर घेते. पहिली धार ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावते आणि मगच घागर लावते. शेजारणींना वाटतं केवढी ही पाण्याची भक्ती! मला माहीत आहे, ती लेकीच्या सासरी आलेल्या आईला घरात घेते.

तर अशा बाईनं तोंडानं म्हटलं, उजनी. आणि वर म्हणाली, ‘‘मे महिन्यात.’’

मुलगा फोनवर किंचाळला. ‘‘मम्मी, मे महिन्यात तळ्यावर कोण जातं? पाणीच नसतं गं तेव्हा! सगळं आटतं.’’

‘‘म्हणून तर,’’ बायको म्हणाली.

तिला तिचं गाव बघायचं होतं, पाणी उतरल्यावर कळस वर येतो तेव्हाचं. इतकी वर्षं हिंमत झाली नव्हती. ‘‘आता माझं वय आईच्या दुपटीनं झालं,’’ ती म्हणाली. ‘‘तिनं मला ओळखायला पाहिजे ना? अजून उशीर केला तर नाही ओळखायची.’’ तिला एकदा आईच्या समोर बसायचं होतं. पाठीमागं नाही, बाजूला नाही, समोर. तेवढ्यासाठी ती आयुष्यात पहिल्यांदा हॉटेलात राहायला तयार झाली होती.

त्या गावाच्या आसपास त्या तोलाची हॉटेलं दोनच निघाली. नदीला तिथं मोठं वळण आहे. एक हॉटेल बुडालेल्या गावाच्या उगवतीला, तंबूंचं. तंबू म्हणजे आपल्या तमाशाचे नव्हेत, आत गारवा करायचं यंत्र, पितळी पायांचा पलंग, आंघोळीला हौद. दुसरं वळणाच्या पलीकडं, गावाच्या उत्तरेला. सगळं काचेचं.

बायकोनं दोन्हीकडं फोन लावले. मी शेजारी बसून ऐकत होतो. काचेच्या हॉटेलातली मुलगी गोड आवाजात म्हणाली, ‘‘मॅडम, आमच्या सगळ्याच रूम लेक-फेसिंग आहेत.’’

‘‘तुमच्या खोल्यांचं तोंड पाण्याकडं आहे, ते कळलं गं बाई,’’ बायको म्हणाली. ‘‘पण पाण्यातलं माणूस कुणीकडं तोंड करून बसलंय?’’

तिकडून फोन ठेवला गेला. पोरीचा काय दोष.

पण प्रश्न तोच होता. आमच्यात पुरताना तोंड कुणीकडं करायचं यावर घराघरात वेगळी रीत. कुणी उगवतीला करतात, कुणी उत्तरेला. सासूबाई उगवतीला बघत असतील तर तंबू. उत्तरेला बघत असतील तर काच. चुकीचं हॉटेल निवडलं तर आम्ही झकासपैकी त्यांच्या कानाशी बसून चहा पिणार आणि त्यांना पत्ताच नाही.

मी म्हणालो, ‘‘मी दोन्ही बघून येतो.’’ आता सोन्याचांदीच्या व्यापाऱ्याला हॉटेलवाले आत सोडणार नाहीत, पण टॉवेलवाल्याला सगळी दारं उघडी. नमुन्यांची पिशवी खांद्यावर टाकली की थेट न्हाणीघरात प्रवेश! तंबूंच्या हॉटेलात टॉवेल पातळ होते, आरपार कुलदैवत दिसेल इतके. काचेच्या हॉटेलात टॉवेल असे होते की मी एकाला गाल लावून उभाच राहिलो. माझे नव्हते, याचंच दुःख झालं. पोहायचा तलाव असा बांधलेला की त्याचं पाणी कुठं संपतं आणि धरणाचं कुठं सुरू होतं ते कळू नये. माझं मत तिथंच पडलं, उत्तर.

फक्त खालच्या दालनात मला एक गोष्ट खटकली. भिंतीच्या कडेनं जाती मांडली होती, पाटे, उखळं, एक उंबऱ्याचा दगड. एका जात्याच्या खळग्यात पाणी घालून गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या होत्या. ‘‘छान दिसतं ना सर?’’ मॅनेजर म्हणाला. ‘‘सगळं इथलंच. पाणी उतरलं की सापडतं.’’ मी त्या जात्यावर हात ठेवला. दालनात गारवा होता, दगड गार असणारच. पण हा गारवा वरून आलेला नव्हता. जात्याच्या पाळीला एका बाजूनं झीज होती, बसून दळणारीचा हात लागून लागून पडते तशी. मी हात काढून घेतला आणि नमुना न दाखवताच बाहेर पडलो.

घरी येऊन मात्र छाती फुगवून सांगितलं, ‘‘आमच्यात तोंड उत्तरेलाच करतात. माझ्या आजोबांचं, चुलत्याचं, सगळ्यांचं उत्तरेला. काचेचं हॉटेल घे.’’

बायकोनं माझ्याकडं बघितलं. ‘‘तिथले टॉवेल चांगले आहेत वाटतं?’’

म्हणून मग तिच्या भावाला विचारायला गेलो. तो तिच्याहून बराच मोठा, नव्या गावठाणात राहतो. त्याच्या घराचं दार पाण्याकडं. अंगणात एक हातभर उंचीचा चौथरा आहे. गाव सोडताना त्यानं आईच्या जागेवरची ओंजळभर माती पंच्यात बांधून आणली होती, तिच्यावर हा चौथरा. रोज सकाळी तो चहाचा कप घेऊन ओट्यावर बसतो आणि पाण्याकडं बघतो.

‘‘अण्णा,’’ बायकोनं विचारलं, ‘‘आईचं तोंड कुणीकडं केलं होतं?’’

त्यानं कप खाली ठेवला. ‘‘हे काय इच्यारती? उगवतीकडं. म्हंजे हिकडं. माज्या दाराकडं.’’ आणि हात लांब करून दाखवलं, पाण्यातून सरळ उंबऱ्यापर्यंत. ‘‘रोज बगती ती माज्याकडं. म्या आंघुळ केली का न्हाई, ते बी बगती.’’

मी मध्ये तोंड घातलं, ‘‘पण आमच्यात तर उत्तरेला...’’

‘‘दाजी, तुमच्यात काय बी आसंल. तुमी शेरातली मानसं. तुमाला उगवत कुटं दिसती? तुमी तर दुकानाच्या शटराकडं तोंड करून जाणार.’’

सगळे हसले, मीही हसलो. मग तो आपणहून बोलायला लागला. आईचे केस लई लांब होते, म्हणाला. धुतले की पंचा पिळा मारून डोक्याला बांधायची आणि तशीच शेतात फिरायची दिवसभर. बायको खाली मान घालून ऐकत होती. तिला हे माहीतच नव्हतं. आईचे केस किती लांब हे तिला इतक्या वर्षांनी, चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर कळलं.

तंबू ठरले.

मेच्या मध्याला आम्ही पोचलो. तळ्याकाठचं हॉटेल म्हणावं तर तळं क्षितिजावर जाऊन बसलेलं. मध्ये भेगाळलेला गाळ, त्यावर कुठं कुठं कलिंगडाचे वेल. पाणी उतरलं की तिथली माणसं गाळात पेरतात. मॅनेजर सारखी माफी मागत होता. पुण्याचं एक जोडपं सामान न उघडताच परत चाललं होतं. आणि माझी बायको, जी कधी फोटोतसुद्धा हसत नाही, ती तंबूच्या दारात उभी राहून लेकरासारखी हसत होती. लांबवर, गाळातून मानेपर्यंत वर आलेलं देऊळ दिसत होतं.

ऊन कलल्यावर आम्ही चालत निघालो. गाळावर पाय ठेवला की तो वरून कडक, आतून हलतो, कुणाच्या तरी पोटावरून चालल्यासारखा. वाटेत घरांच्या जोत्यांच्या रेघा लागल्या. बायको त्या रेघांतून बरोबर गल्लीगल्लीनं चालली. समोर मोकळं रान असताना वळसा घालायची, कारण तिथं एके काळी भिंत होती. मी सरळ जायला लागलो तर दंडाला धरलं. ‘‘अहो, लोकांच्या घरातून काय जाताय?’’

विहिरीचं कडं सापडलं. ‘‘विहिरीवरून आमचं शेत दिसायचं, आईला शेतातच बसवलं होतं,’’ ती म्हणाली आणि एका जागी थांबली. तिथं काहीच नव्हतं. ना दगड, ना खूण. गाळ, एक वाळलेला शिंपला आणि कलिंगडाची सुकलेली वेल. ‘‘इथंच कुठंतरी,’’ म्हणाली. मग तिनं सूर्य कुठं आहे ते पाहिलं, उगवतीची बाजू धरली, भावानं सांगितलं तशी आईच्या समोर जाऊन बसली. हात जोडले.

मी लांब उभा राहिलो. थोड्या वेळानं ती उठली. चेहरा पडला होता.

‘‘नाही हो,’’ म्हणाली. ‘‘काहीतरी चुकतंय. कोणी नसल्यासारखं वाटतंय. तुम्ही बसा बरं.’’

‘‘कुठं?’’

‘‘इथं. आईच्या जागी.’’

आता माझा देह बघा. माझी मांडी शेवटची कधी पडली ते पत्रिका बघून सांगावं लागेल. पोट आधी बसतं, मग मी. पण तिचा आवाज असा होता की मी पिशवी ठेवली, धोतराचा नसलेला कासोटा सावरल्यासारखं करून त्या गाळावर बसलो. गुडघे असे वाजले की देवळावरचे बगळे उडाले. मांडी घातली. उगवतीकडं तोंड केलं.

ती माझ्यासमोर उभी राहून बघत राहिली. मग कमरेची पुरचुंडी सोडली, भस्म आणलं होतं, आणि माझ्या कपाळाला तीन बोटांचे पट्टे ओढले.

‘‘अगं, मी जिवंत आहे,’’ मी म्हणालो.

‘‘बोलू नका. हात मांडीवर.’’ तिनं माझे खांदे धरले आणि मला वळवायला सुरुवात केली. जातं फिरवावं तसं, इंचाइंचानं. मागं सरून बघायची, परत यायची, परत वळवायची. ‘‘अजून. हनुवटी वर. अजून थोडं.’’ माझं तोंड उगवतीवरून सुटलं, सरकत सरकत गेलं. आणि मग तिचे हात थांबले.

ती मागं सरली. एक पाऊल, दोन पावलं. माझ्या डोक्याच्या वर, पाठीमागं बघत होती. मला दिसत नव्हतं, पण मला कळलं की देवळाचा कळस माझ्या बरोबर डोक्यावर आलाय.

तिचा चेहरा मी इतकी वर्षं बघतोय. तो चेहरा माझ्यादेखत लहान झाला. गाल भरले, डोळे मोठे झाले, खालचा ओठ पुढं आला. ती माझ्याकडं बघत होती आणि मी तिथं नव्हतो.

‘‘आई,’’ ती म्हणाली.

मी बोलणारा माणूस. पण तोंड उघडेना. बुडाखालचा गाळ दिवसभराच्या उन्हानं तापलेला होता, बसताना चटका बसला होता. आता तिथून ओल वर यायला लागली. आधी मांड्यांना. मग पोटाला. मी खाली बघायचा प्रयत्न केला, हनुवटी हलेना. गार पाणी छातीशी आलंय, खांद्याशी आलंय असं वाटलं आणि माझ्या आत कुणीतरी दम धरून, डोळे न मिटता, समोर बघत राहिलं. मला भीती नाही वाटली. मला एवढंच वाटलं की पोरीला अजून थोडं नीट बघू दे.

मग तिनं वाकून नमस्कार केला आणि ते उतरलं. मी चाचपून पाहिलं. पायजमा कोरडा ठणठणीत होता.

‘‘कुणीकडं तोंड आहे माझं?’’ मी विचारलं.

तिनं वळून बघितलं. समोर, पाण्यापलीकडं, मावळतीचं ऊन पडून काचेच्या हॉटेलाच्या सगळ्या खिडक्या एकदम पेटल्या होत्या. उत्तर. मी म्हणालो होतो तशी, शुद्ध उत्तर. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी फेकलं आणि ते खरं निघालं, आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही.

‘‘अण्णाला सांगायचं नाही,’’ बायको म्हणाली.

‘‘त्याला कसं आठवलं नाही गं? तो तर मोठा होता.’’

‘‘आठवत असेल. पण त्याचं दार इकडं आहे ना. पिऊ दे त्याला चहा तिच्यासमोर.’’

दुसऱ्या दिवशी आम्ही काचेच्या हॉटेलात गेलो. मॅनेजरनं मला ओळखलं. ‘‘सर, तुम्ही मागं नमुने घेऊन आला होतात ना?’’

‘‘आज नमुना म्हणून मीच आलोय,’’ मी म्हणालो. त्याला हसावं की नाही ते कळलं नाही. बायको दालनातल्या जात्यांपाशी थांबली होती. ज्या जात्यात पाकळ्या तरंगत होत्या, त्यातलं पाणी तिनं ओंजळीओंजळीनं कुंडीत टाकलं, पदरानं पाळी पुसली आणि पुढं गेली.

खोलीची अख्खी भिंत काचेची. समोर पाणी, पाण्यामागं गाळ, गाळात कळस. बायकोनं खुर्ची काचेशी ओढली आणि बसली. दुपारभर बसली होती. चहा तिथंच, औषधाची गोळी तिथंच. अधूनमधून ओठ हलायचे. मी ऐकायला गेलो नाही. संध्याकाळ झाली तसे तिनं खोलीतले होते नव्हते तेवढे सगळे दिवे लावले.

‘‘तिला दिसायला पाहिजे,’’ म्हणाली.

जेवायला खाली जायचं तर पंचाईत. दाराजवळच्या खाचेतून किल्लीचं कार्ड काढलं की खोलीतले दिवे जातात. ही उठायलाच तयार नाही. ‘‘इतक्या वर्षांनी दिवा दिसला आणि लगेच विझला, तर काय वाटेल तिला?’’ शेवटी मी खिशातून माझ्या दुकानाचं कार्ड काढलं, ‘सर्व प्रकारचे टॉवेल होलसेल भावात मिळतील’, आणि ते खाचेत खुपसलं. दिवे राहिले. सोलापूरच्या मालाला कुठंही तोड नाही!

जेवून वर आलो. दिवे चालू होते. दार मीच उघडलं, आत मीच आधी गेलो. खोलीत गाळाचा वास होता.

बायकोच्या खुर्चीच्या पाठीवर न्हाणीघरातला एक टॉवेल पडला होता. ओला. मी तो उचलला तर हातात पाण्यानं भरलेली पखाल घेतल्यासारखा जड. बायको हॉटेलचे टॉवेल वापरत नाही, टॉवेलवाल्याची बायको ती, घरचा पंचा बरोबर आणते. मी तर आंघोळ सकाळीच, तंबूत केलेली. आणि तो टॉवेल नुसता ओला नव्हता. त्याला पीळ होता. माझं आयुष्य टॉवेलात गेलंय, अंग पुसून टाकलेला कसा पडतो आणि पाय पुसलेला कसा पडतो ते मला अंधारात सांगता येतं. हा पीळ एकाच कामाचा असतो. लांब केस धुवून वर बांधले आणि मग सोडले, की पडतो तो.

बायकोनं टॉवेल माझ्या हातातून घेतला. नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरून उभी राहिली. मग म्हणाली, ‘‘हा पिशवीत घाला.’’

टॉवेल चोरणाऱ्या गिऱ्हाइकांबद्दल हॉटेलवाल्यांची रड मी जन्मभर ऐकत आलोय. त्या दिवशी मीही त्यांच्यातला झालो.

तो टॉवेल आमच्या गच्चीवर दोरीला आहे. मेचं ऊन त्यावर पडलं, त्याच्या शेजारी टाकलेल्या चादरींचे पापड झाले, हा ओलाच. पीळ उलगडून सरळ केला की दुसऱ्या दिवशी परत पडलेला असतो. एरवी नुसता दमट असतो, पण एखाद्या संध्याकाळी जड होतो आणि त्याच्या टोकातून थेंब पडायला लागतात. मग बायको खाली येऊन हंडे घासून ठेवते. ‘‘उद्या पाणी येणार,’’ म्हणते. महापालिकेला माहीत नसतं तेव्हा आमच्या गल्लीला माहीत असतं. शेजारणी आता वेळापत्रक बघत नाहीत, आमच्या गच्चीकडं बघतात.

आणि दुसऱ्या दिवशी नळ खोकतो. बायको पदर डोक्यावर घेते, पण हल्ली पूर्वीसारखं डोळ्यांना पाणी लावून गप्प राहत नाही. पहिल्या धारेखाली हात धरून म्हणते, ‘‘ये.’’ एवढंच. पाऊस लागला की उठूनही बसत नाही, गाढ झोपते. उठून बसतो तो मी.

वरची क्रेन मी घातली होती, ते कबूल केलंय. इथं मी काहीही घातलेलं नाही.